शेंदराखालची ओळ

मुकुटबनकडच्या आमच्या गावाबाहेर टेकडीवर पडकी गढी आहे. तिचा इतिहास शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे: ‘ही गढी गावच्या पाटील घराण्याच्या मूळ पुरुषाने बांधली.’ मजकूर माझा, घराणंही माझंच. आणि तो खोटा आहे हे मला लिहितानाच ठाऊक होतं.

मी तेव्हा नवा मास्तर. गढीच्या दरवाजापाशी मला कोरीव लेखाचा दगड सापडला. अक्षरं लावून लावून वाचली, तर बांधणारा कोलाम आदिवासींचा एक नाईक निघाला. पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा, माझा मित्र नेहमी सांगायचा, “गढी आमच्या बुढ्यानं बांधली.” सारं गाव त्याला हसायचं. मीही.

दगड फोडायची छाती झाली नाही. तेलात शेंदूर कालवला आणि लेख बुजवून टाकला. आमच्याकडे शेंदूर लागलेल्या दगडाला कोणता देव म्हणून कोणी विचारत नाही. आठवड्यात नारळ फुटला. मग दर शनिवारी शेंदराचा हात. पन्नास वर्षांत थर बोटभर झाला आणि मी रोज तिकडून मान खाली घालून गेलो.

या उन्हाळ्यात शेंदराला चीर पडली. असं कवच सुटलं की ते काढून नदीत सोडतात. गाव जमलं. जुना मास्तर म्हणून पुढे मलाच बोलावलं. कवचाला हात लावण्याआधी मी सगळं सांगून टाकलं. गर्दीतून मित्र पुढे आला.

“पन्नास वर्षं, मास्तर? मले सांगाले काय झालतं तुले?”

“लाज वाटत होती.”

“मंग आता काढ ना! अक्षर हायेत का मेले, ते पाह्य!”

तीच धास्ती मला होती. तेलानं लेख खाऊन टाकला असेल तर माझ्या बोलण्याला पुरावा काय? आम्ही दोघांनी कडेला बोटं घातली. कवच अख्खं निघालं, आणि खाली प्रत्येक अक्षर कालच कोरल्यासारखं! कवचाच्या आतल्या बाजूलाही तीच ओळ उलटी उमटलेली. मी लपवायला फासलेल्या शेंदरानंच ती ऊन-पावसापासून जपली होती. मी मोठ्यानं वाचलं.

“अजून एकडाव,” मित्र म्हणाला. मी पुन्हा वाचलं. तो लोकांकडे वळला, “हसत होते ना लेकहो? हसा आता!” आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसत सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेची भिंत पांढरी केली आणि स्टुलावर चढून नवी ओळ लिहायला घेतली. पहिलंच अक्षर तिरकं गेलं. खाली स्टूल धरून मित्र ओरडला, “नीट लिही बे! माह्या बुढ्याचं नाव वाकडं नोको करू.”