विहिरीतल्या हडळीचं पुस्तक

सारजाबाईंना भुताच्या गोष्टींची भारी गोडी. भूगावातली त्यांची खोली सोडताना भाडेकरू अपूर्वानं एक फाटकं पुस्तक पुढं केलं. "कुणी वाचत नाही हे, आजी. रद्दीत द्या."

बाईंनी अक्षराअक्षरावर बोट ठेवत त्यातली विहिरीतल्या हडळीची गोष्ट वाचली आणि नातीला, आरोहीला, सांगितली. परसातल्या विहिरीला कठडा नव्हता ना. तेव्हापासून पोर तिकडं फिरकली नाही.

आज दिवेलागणीला चेंडू नेमका विहिरीच्या काठाशी जाऊन थांबला.

"आज्जे, तू आण."

सारजाबाईंचे पाय जागचे हलेनात. विहिरीत काहीतरी डुबुक वाजलं.

"उद्या उजेडात आणू गं."

"तूबी भितीयास व्हय?"

"मी कशाला भिऊ?" म्हणत त्यांनी नातीचा हात गच्च धरला आणि घरात शिरून आधी कडी लावली.