दुपटं पांढरं झालं तेव्हा

चौकातल्या फोटो स्टुडिओत आलेला प्रत्येक फोटो आधी ताईंच्या टेबलावर येई. पिवळ्या बल्बखाली काढलेला फोटो पिवळा पडतो, सावलीतला निळसर येतो. फोटोत मुळात पांढरं काय आहे ते हेरायचं, स्क्रीनवरची पट्टी सरकवून ते पांढरं करायचं, की बाकीचे रंग ताळ्यावर येतात. घरी आलेल्यांच्या कॉलरकडेही त्यांची नजर तशीच जाई. "हिच्यासमोर बसायचं तर धुऊन-बिऊन या," असं त्यांचे यजमान पाहुण्यांना बजावत.

धाकट्या बहिणीला नातू झाला. बाळ-बाळंतीण घरी आल्यावर तिने फोटो पाठवला, सोबत हुकूम: दिवाणखान्यात लावायचाय, बल्बचा पिवळेपणा तेवढा काढ.

ताईंनी बाळाच्या दुपट्यावर नेम धरून पट्टी निळ्याकडे नेली. दुपटं पांढरंशुभ्र झालं. बाळाला धरलेला आईचा हात जिवंत दिसू लागला. बाळ मात्र पिवळंच राहिलं.

पट्टी अजून थोडी रेटली असती, तर बाळही गोंडस गुलाबी झालं असतं आणि सगळे खूश. पण दुपटं निळं पडू लागलं, तशा त्या थांबल्या. पट्टी मागे आणली आणि फोन उचलला.

बहीण भडकली. पहिलावहिला नातू, आणि त्यातही हिला खोट दिसली.

"ताई, फोटो नीट कर म्हटलं, तर बाळालाच नावं ठेवतेस? बल्ब पिवळा आहे आमचा."

"बल्ब मी काढलाय. आता उरलंय ते पिवळं बाळाचं. आत्ता डॉक्टरकडे ने."

"आणि काही निघालं नाही तर?"

"तर जन्मभर हस मला."

फोन धाडकन बंद झाला. ताई टेबलाशी बसून राहिल्या. दुसरा फोटो काही उघडवेना. संध्याकाळी बहिणीचा फोन आला, तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. कावीळ बरीच चढली होती, बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवून घेतलं होतं. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले होते.

पुढे बाळ छान बाळसं धरून घरी आलं. बहिणीने दिव्याखालचा फोटो पाठवला: डोळ्यांवर पट्टी, अंगभर निळाई. "हा सुधारशील?"

"नाही. हा आहे तसाच राहू दे."

दिवाणखान्यात तोच लागला. कुणी विचारलं, बाळ असं निळं का, की बहीण विचारणाऱ्याला आधी बसवून घेते आणि म्हणते, "तिथून नको, माझ्या ताईपासून सांगते."