क्लॅरनेट शोधणारं बटण

आमच्या बँडपार्टीत तीस वर्षं क्लॅरनेट वाजवणाऱ्या चाचांना कवळी बसली आणि त्यांचं वाजवणं संपलं. क्लॅरनेट तोंडात धरलं की वरची कवळी वेगळाच ठेका धरायची. त्यांनी वाद्य पेटीत ठेवलं आणि वरातीत येणंही सोडलं. मला जे काही वाजवता येतं ते त्यांनीच शिकवलेलं. ते नसले की भर वरातीत मला पोरकं वाटे. त्यांना परत आणायचं, एवढाच माझा हट्ट होता.

म्हणून मी एक वापरलेला सिंथेसायझर आणला. त्याच्यावर रँडमचं एक बटण आहे. ते दाबलं की यंत्र आतलं सगळं पत्त्यांसारखं पिसतं आणि नवाच आवाज काढतं. आवडला तर लगेच सेव्ह करायचा. पुन्हा बटण दाबलं की तो गेला, कायमचा. मला वाटलं, दाबत राहिलो तर कधीतरी चाचांचं क्लॅरनेट निघेलच. पन्नाशीला आलेला माणूस इतका भोळा असू नये, पण मी होतो.

एका दुपारी चाचांना माझ्या वाशीमच्या घरी चहाला बोलावलं आणि रंगमंचाचा पडदा वर जावा तसं यंत्रावरचं फडकं उचललं.

पहिला आवाज ऐकून ते म्हणाले, "गिरणीचा पट्टा तुटला वाट्टे."

दुसऱ्याला म्हणाले, "हे तं कुकर आहे. तिसरी शिट्टी झाली, उतरव."

"चाचा, जरा दम धरा ना."

"दम असता तं तुह्या घरी कायले आलो असतो बे?"

तीसचाळीस आवाज झाले असतील. मग एक निघाला. आधी नुसती फुंक, मग किंचित चिरका सूर, आणि हळूहळू गोडवा. चाचांनी कप खाली ठेवला.

"वा," ते म्हणाले.

आमच्या बँडमध्ये रीत आहे. उस्तादाने वा म्हटलं की हातातलं सोडून त्यांच्या गुडघ्याला हात लावायचा. मी वाकलो. साधा नाही, चांगला नाटकातल्यासारखा वाकलो, आणि माझं कोपर त्या बटणावर पडलं.

यंत्रातून कोंबडा आरवला.

सेव्ह करायचं राहून गेलं होतं. मी वेड्यासारखा बटण दाबत सुटलो. घंटा निघाल्या, बेडूक निघाले, तो सूर काही निघेना. माझे डोळे भरून आले. चाचांनी माझं मनगट धरलं.

"त्याले काहून मारून राह्यला? गेला तो. कसा होता ते मले याद आहे. ह्या गोल खुंट्या कायच्या?"

"आवाज खोलाच्या न् मिटाच्या."

"दाखव."

मी एक पट्टी दाबून धरली. त्यांनी खुंटी अलगद फिरवली, आवाज फुगला. मागे घेतली, तो श्वास सोडल्यासारखा बसला. सूर बेडकाचाच होता, पण फुंक चाचांची होती. मी अंगावर आलेला काटा त्यांना दाखवला. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पट्ट्या तू दाब," ते म्हणाले. "हवा मी सोडतो."

पुढे रिठद गावच्या वरातीत बँडच्या गाडीवर आम्ही दोघं एकाच यंत्रापुढे खांद्याला खांदा लावून उभे होतो. शेवटचा सूर त्यांनी इतका लांबवला की नाचणारे थांबून वर बघू लागले. मी पट्टी सोडणार, तोच चाचांनी माझ्या पायावर पाय दिला.

"थांब," ते म्हणाले. "अजून सरला नाही."