कोर्टासाठी गाळलेलं पाणी

दर्यापूरच्या स्टँडवर अमरावतीची गाडी लागली होती आणि माय अजून माझी बाटली भरत होती. घरी एकदा गाळलेलं पाणी ती फडकं दुहेरी धरून पुन्हा गाळत होती.

"मावशी, पोरगी पुन्याले चालली ना? काशीले चालल्यासारखं काय करून राहिली?" कंडक्टर ओरडला.

"थांब रे बापा. तठी गेल्यावर पयलं पाणी आपलंच जाऊ दे तिच्या पोटात."

ते पाणी आमच्या गावच्या गोड्या विहिरीचं होतं. आमचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी शिजत नाही. नाल्याकाठच्या त्या एकाच विहिरीचं पाणी गोडं, म्हणून अख्खं गाव तिच्यावर. ती बाटली मी मनमाडपर्यंत उघडली नव्हती.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. अमरावतीला वकिलीचं शिक्षण झालं ते हॉस्टेलच्या आणि दोन-तीन चांगल्या शिक्षकांच्या कृपेने. पुण्यात आले आणि पर्यावरणाच्या खटल्यांमध्ये पडले. सुरुवातीची वर्षं सीनियर वकिलांच्या फायली लावण्यात गेली. हळूहळू मीही हरित लवादापुढे उभी राहू लागले. कुणाची नदी, कुणाची टेकडी. दहा वर्षं मी दुसऱ्यांच्या गावांसाठी भांडले. मग एक दिवस बाबांचा फोन आला.

"विहिरीचं पाणी पिवळं येऊन राहिलं. वास मारते."

नाल्याच्या वरच्या अंगाला रंगाचा एक कारखाना सुरू झाला होता. मी गावाच्या वतीने अर्ज दाखल केला. पहिल्याच सुनावणीत समोरचे वकील शांतपणे म्हणाले, "त्या पट्ट्यातलं पाणी मुळातच खराब आहे." पुढच्या तारखेला तपासणीचा अहवाल देते, असं मी लवादाला सांगितलं. प्रयोगशाळेच्या बाटल्या गावी पाठवल्या. फोनवर बजावलं, बाटलीला आतून हात लावू नका, झाकण घट्ट लावा. बाबा एसटीने अमरावतीला जाऊन नमुना देऊन आले.

अहवाल आला. गढूळपणा नाही, रंग नाही. पाणी जवळपास पिण्यालायक!

मी घरी फोन लावला. "माय, बाटल्या कोणी भरल्या?"

"मीच भरल्या. काहून वं?"

"कशा भरल्या?"

"कशा म्हंजे? गाळलं, तुरटी फिरवली, रातभर निवळू देल्लं. अन् मंग भरलं. कोर्टातल्या साहेबाले तसं गढूळ पाणी पाठवू का? लोकं काय म्हनतीन?"

मला रडू आलं आणि हसूही. रागवायचं कुणावर? आमच्या ओसरीवर पोस्टमनलासुद्धा न गाळलेलं पाणी कधी मिळालं नाही. बाटली, झाकण, लेबल सगळं मी सांगितलं होतं. पाणी गाळू नका, एवढंच सांगायचं राहिलं. पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात प्युरिफायर लागल्यापासून मी मायचं फडकं विसरून गेले होते.

सीनियर म्हणाले, "नवा नमुना घ्या. हा अहवाल आपल्याजवळच राहू द्या." सल्ला व्यवहाराचा होता. पण अहवाल देते असं मी भर सुनावणीत बोलून बसले होते, आणि तो दडवला असता तर पुढचा प्रत्येक कागद संशयाचा झाला असता. विहीर गेली असती. बाबांना विचारलं, तर ते एवढंच म्हणाले, "आपलं चुकलं तं आपनच आधी सांगाचं."

मी अहवाल दाखल केला. सोबत मायचं प्रतिज्ञापत्र जोडलं, खाली तिची सही, एक-एक अक्षर जोडून केलेली. गाळलं, तुरटी फिरवली, निवळू दिलं, सगळं त्यात होतं. समोरचे वकील ते वाचताना हसले. लवाद हसला नाही. प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंसमोर विहिरीवरून थेट नमुना घ्यावा, असा आदेश झाला.

त्या दिवशी मी गावी होते. अधिकाऱ्याने पोहरा वर काढला. पाणी हळदीसारखं पिवळं. माय काठावरच उभी होती, खांद्यावर फडकं. बाटली भरेपर्यंत तिने ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. पाहुण्यासमोर तसलं पाणी जाताना पाहणं तिला किती जड गेलं, ते तिच्या मुठींवरून मला दिसत होतं.

नव्या अहवालाने अर्ज उभा राहिला. कारखान्याचं पाणी नाल्यात सोडायला तूर्त मनाई आहे. विहीर अजून पिवळीच आहे, गाव टँकरवर आहे आणि खटला चालू आहे. तो मी शेवटापर्यंत लढणार आहे.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, घर कुठे आहे असं मला कोणी विचारलं, की मी नमुन्याच्या वेळच्या त्या फेरीचा निरोप सांगते. स्टँडवर मायने दोन बाटल्या दिल्या. एकीत टँकरचं पाणी, दोनदा गाळलेलं. दुसरीत विहिरीचं, जसंच्या तसं.

"हे तुह्यं अन् हे कोर्टाचं. अदलाबदल नको करू."

त्या दुसऱ्या बाटलीला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. पण ती माझ्या टेबलावर आहे, आणि तुरीची डाळ त्या विहिरीच्या पाण्यात पुन्हा शिजेपर्यंत तिथेच राहील.