दिराच्या फ्लेक्सवरचा मरता तारा

मुखेडच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. घरामागच्या अंगणात माझी सहा इंची दुर्बीण आहे. तिच्यावर कॅमेरा लावून मी बिंबाभ्रिकांचे फोटो काढते. म्हातारा तारा मरताना अंगावरचे वायूचे थर बाहेर टाकतो, त्यांचं ते विझत चाललेलं कडं. त्यातही मला फिकट कडी आवडतात, जी डोळ्याला दिसतच नाहीत. आमच्या स्टाफरूममध्ये याला ‘मॅडमचा नाद’ म्हणतात. हे म्हणणाऱ्यांनी नोकरी लागल्यापासून पाठ्यपुस्तकाबाहेरचं एक पान उलटलेलं नाही, म्हणून मी तिकडे लक्ष देत नाही.

मिथुन राशीतल्या अशा एका कड्यावर मी अकरा रात्री घालवल्या. पाच-पाच मिनिटांचे फोटो, एकदा हायड्रोजनचा फिल्टर लावून, एकदा ऑक्सिजनचा. मग ते सगळे एकावर एक रचायचे. समोरचा किराणा दुकानदार चोरांच्या भीतीनं बंद दुकानावर हॅलोजन जाळायचा, त्या उजेडात माझं फिकट कडं बुडून जायचं. चोरानं त्याची कुबट तूरडाळ नेली असती तर गिऱ्हाइकांवर उपकारच झाले असते. शेवटी तांबूस कोयत्यासारखी एक कड उमटली आणि तिच्या आत निळसर धूर. त्या दिवशी कॉलेजात मी उगाचच सगळ्यांशी गोड बोलले.

सासूबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला लातूरहून धाकटे दीर आले होते. त्यांचे तिथे कोचिंग क्लास आहेत. शहरातला प्रत्येक विजेचा खांब त्यांना ओळखतो. मी फोटो दाखवला. न दाखवता राहवलं नाही, हा माझा दोष.

“वहिनी, हे तर चुलीतल्या धुरावानी दिसायलंय,” ते म्हणाले. “कलर लई फिका हाय. पण पाठवा मला. पोरांना विज्ञानाची गोडी लागंल.”

गोडी हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी पाठवला, आणि वर माझं नाव बारीक अक्षरात टाका म्हणूनही सांगितलं.

महिन्याभरानं त्यांनी क्लासतर्फे माझ्या सत्काराला बोलावलं. लातूरला बसमधून उतरले तर चौकात वीस फुटी फ्लेक्स. माझी तांबूस कड गडद जांभळी केलेली, आडवी ताणलेली, आणि बरोबर मधोमध दीर, हाताची घडी घालून. खाली लिहिलं होतं, ‘विश्वाचा जन्म इथेच होतो!’ माझं नाव कुठेच नव्हतं. मी दोनदा शोधलं.

सभागृहात तीनेकशे मुलं होती. मला शाल दिली, नारळ दिला. मी बोलायला उठले आणि तारा कसा मरतो ते सांगू लागले. पुढच्या रांगेतल्या मुलीनं हात वर केला. “मॅडम, हे परीक्षेला येतं का?”

मी काही म्हणायच्या आत दीर म्हणाले, “न्हाई येत. बसा.” तीनशे वह्या एकदम मिटल्या. मग ते माझ्या कानाशी वाकले. “वहिनी, मरणाबिरणाचं नको. जरा जोशात येऊ द्या.”

मला संताप आला. मी माइकमध्येच म्हणाले, “बाहेरच्या फ्लेक्सवर जन्म लिहिलंय, ते चूक आहे. हे मेलेल्या ताऱ्याचं चित्र आहे. त्याच्या मधोमध उरतो तो नुसता कोळसा. आतलं सगळं जळण संपलेलं. तुमच्या सरांचा फोटो अगदी त्याच जागी लावलाय.”

मग दिरांनीच टाळ्या सुरू केल्या. “ऐकलं का! केंद्रस्थानी कोण? मी!” सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. या माणसाचा अपमान करायचीही सोय नव्हती.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “तो असलाच आहे. तू गेलीस कशाला?” सत्कार म्हटल्यावर मी नवी साडी इस्त्री करून घेतली होती, हे मला चांगलं आठवत होतं.

पुढच्या हिवाळ्यात दिरांचा फोन आला. “वहिनी, यंदा नवीन काहीतरी द्या. लोकांनी लई विचारलं.”

दुर्बिणीला झाकण लावूनही मी काही फोटो काढते. कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग त्यात कळतात, ते खऱ्या फोटोतून वजा करायचे असतात. त्यातलाच एक, काळाकुट्ट, त्यांना पाठवला. झाकणाच्या आतला अंधार. तासाभरात उत्तर आलं, “लई खोल हाय वहिनी.”

तो छापलाही. काळ्या रंगावर त्यांचा पांढरा शर्ट चांगला उठून दिसतो, असं नवरा लातूरहून येऊन म्हणाला. कोपऱ्यात बारीक अक्षरात या वेळी माझं नाव होतं.