घरात पीठ आहे का?

आम्ही पाच बार ऐकले. सहावा झाला की नाही, यावर विहिरीपासून शंभर पावलांवर लिंबाआड उभ्या असलेल्या तिघांचं एकमत होईना.

तिघं म्हणजे विहिरीचे मालक तात्या, खडकात भोकं पाडणारा भागूजीबाबा आणि सुरुंग लावणारा मी. साल बहात्तर. तिसगावच्या अलीकडं तात्यांची मोसंबीची बाग वाळायला लागली होती आणि विहीर आणखी दहा-बारा फूट खाली न्यायची होती.

सुरुंगाचं काम सांगायला सोपं आहे. पहारीनं खडकात हातभर खोल भोक पाडायचं, त्यात काळी दारू भरायची, वात सोडायची, वरून माती ठासायची. मग एकट्यानं खाली थांबून वाती पेटवायच्या, दोराच्या पाळण्यात बसायचं आणि वरच्यांनी ओढून घ्यायची वाट बघायची. वाती लहानमोठ्या कापतात, म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. जितक्या वाती तितके आवाज आले, तरच खाली जायचं. एक कमी पडला, तर तो बार खाली दबा धरून बसलेला असतो. वात आत कुठं धुमसत राहिली, तर तो पुष्कळ वेळानंही उडतो.

त्या दिवशी सहा वातींतल्या दोन मी सारख्याच आखूड कापल्या होत्या. तात्यांनी वात कमी आणली होती. 'आणखी आणा, मगच लावतो' असं मी म्हणायला हवं होतं. पण तिसगावला जाऊन वात आणायची म्हणजे दिवस मोडला असता, आणि त्या दिवसाच्या रोजावर माझ्या घरची संध्याकाळची चूल अवलंबून होती. मी गप्प बसलो आणि कात्री चालवली. आता दोन बार एकदम उडाले असतील, तर आवाज पाचच येणार होते. एक उडालाच नसेल, तरीही पाचच.

ही वेळ माझी मीच आणलेली. पंधरा वर्षं मी फौजेत इंजिनियर पलटणीत काढली. पूल बांधले, सुरुंग उडवले आणि हवालदार होऊन सुटलो. त्या पंधरा वर्षांत मी एकदाही पीठ विकत आणलं नव्हतं. राशन सरकारचं, बूट सरकारचे, ताप आला तर डॉक्टरही सरकारचा. सुटताना ग्रॅच्युइटी मिळाली, म्हणजे नोकरी संपल्याची एकरकमी रक्कम. ती बहिणीच्या लग्नात आणि घरावरच्या पत्र्यांत दोन महिन्यांत संपवली, कारण पुढं पेन्शन सुरू होणारच होती. पेन्शनचे कागद दोनदा सहीसाठी परत आले आणि आठ महिने सरले. घरात बायको शांता, दोन मुली आणि मी, सगळे पोस्टमनच्या वाटेकडं डोळे लावून बसलेलो.

रोज सकाळी विहिरीवर पोचलो की भागूजीबाबा मला एकच विचारायचा, घरात पीठ हाय का? आपल्याकडं 'जेवलात का' विचारतात, तसंच काहीतरी असेल असं मला वाटायचं. मी 'आहे' म्हणायचो. फौजेत वरिष्ठानं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'ऑल ओके, साब.' मग पायात काटा का मोडलेला असेना. त्या दिवशी सकाळी शांतानं डबा खरवडून मुलींपुरत्या दोन भाकरी थापल्या होत्या. तरी मी 'आहे'च म्हणालो होतो.

आता तात्या अडून बसले. जोडीनं दोन बार उडाले, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं म्हणे. मलाही आवाज सहाच झाल्यासारखे वाटायला लागले होते. दगड उपसायला आलेली सहा माणसं बसून होती आणि त्यांचा रोज चालू होता.

"उतरून बघा की, हवालदार," ते म्हणाले. "फौजंतला मानूस तुमी. का शेजारच्या गावचा दुसरा बोलावू?"

मी विहिरीच्या काठावर गेलो. जळालेल्या दारूचा वास वर येत होता आणि धुरामुळं तळ दिसत नव्हता. मला भीती वाटली. फौजेत असतानाही मी भ्यायलो होतो, पण ती भीती वाटून घेतलेली असायची. बार चुकला की 'कोणी हलायचं नाही' म्हणायला साहेब असायचा. त्यातूनही बरंवाईट झालंच, तर शांताला कागद जाणार, काहीतरी मिळणार, हे माहीत होतं. इथं माझ्यामागं फक्त रिकामा डबा होता. तरी मी पाळण्यात पाय टाकला, तो त्या डब्यामुळंच.

दोर भागूजीबाबाच्या हातात होता. तो ढील देईना.

"हवालदार, घरात पीठ हाय का?"

"आहे."

"सकाळी बी हायच म्हनला. आता हीरीच्या तोंडाशी हुबं ऱ्हाऊन सांगा."

आठ महिन्यांत मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगितलं. "नाही, बाबा."

त्यानं शांतपणे दोर खांबाला गुंडाळून टाकला.

"मग आज उतरायचं न्हाई. ज्याच्या घरात पीठ न्हाई, त्याला हीर मोकळीच दिसती."

मग त्यानं सांगितलं ते असं. त्याच्या बापानं घालून दिलेला नेम होता, घरात आठ दिवसांचं पीठ असल्याशिवाय बाराला हात लावायचा नाही. तोवर माती वाहायची, दगड फोडायचे. उपाशी घराचा माणूस वात आखूड कापतो, आवाज जास्त मोजतो आणि मालकाचं लवकर ऐकतो. या तिन्ही गोष्टी मी त्याच दिवशी केल्या होत्या.

तात्या भडकले. आजचा अर्धाच रोज देईन, उद्याचा बघू, म्हणाले. आम्ही घरी निघालो. वाटेत भागूजीबाबाच्या दाराशी मला थांबवून त्याच्या बायकोनं पाटीभर पीठ दिलं. पंधरा वर्षं पगार घेतलेला माणूस मी, आणि पहार मारणाऱ्याच्या घरचं पीठ डोक्यावर घेऊन चाललो होतो. मला लाज वाटली. शांतानं पाटी बघितली, परात काढली आणि मळायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलो. विहिरीत वीतभर पाणी पाझरलं होतं. दारू भिजली की मरते, हे मला माहीत होतं, पण माझ्या हातांना ते पटत नव्हतं. एकेक दगड अंड्यासारखा उचलून बाजूला ठेवला. पाच भोकं फुटलेली सापडली. सहाव्याच्या जागी दगडांचा ढीग होता. तोही तसाच एकेक दगड काढून उपसला.

सहावा बारही उडालेला होता. जोडीनंच.

तात्या वरून हसले. एका दिवसाचं नुकसान केलंत, म्हणाले, आणि अर्धा रोज कापला तो कापलाच. मी मान खाली घालून वर आलो. भागूजीबाबाला मात्र काहीच वाटलं नव्हतं.

"चुकलो तर चुकलो," तो म्हणाला. "अर्धा रोज गेला. घरात पीठ असल्यावर मानसाला फुकट भ्यायलाबी परवडतं."

पुढं दोन महिन्यांनी पेन्शन सुरू झाली आणि थकलेले सगळे हप्ते एकदम आले. भावकीतल्यांनी बैल घ्यायला सांगितलं. मी भागूजीबाबाचं पीठ परत केलं, तीन महिन्यांची ज्वारी भरली आणि उरलेले पोस्टात टाकले. त्यानंतर अकरा वर्षं सुरुंगाचं काम केलं. मालकांना पुष्कळदा 'उद्या उतरतो' म्हणालो. बहुतेक वेळा माझी भीती फुकटच गेली.

आता फौजेतून सुटलेली पोरं सल्ला विचारायला येतात. आलेल्या पैशाचं काय करू, ट्रक घेऊ का, दुकान टाकू का? मी आधी विचारतो, घरात पीठ आहे का? फौजी पहिल्यांदा 'आहे'च म्हणतो. म्हणून मी दोनदा विचारतो.