झग्याच्या आतली नावं

एनिड सटक्लिफला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, मापं राहायची. ऑल्डरशॉच्या नाटकगृहाचा कपडेपट सांभाळता सांभाळता तिची एकेचाळीस वर्षं सरली होती. बाजारात एखादा जुना नट समोर आला की ती आधी मनात म्हणायची, छाती अडतीस, डावा खांदा उतरता, आणि मग कुठे त्याचं नाव आठवायची. यॉर्कशरच्या त्या गावात तिच्या जिभेला सगळे वचकून असत आणि तिच्या सुईपुढे सगळे मान तुकवत.

कपडेपटातला राजाचा झगा तिच्या विशेष जिवाचा. जांभळट मखमलीचा, छातीशी अंगाबरोबर बसणारा, खाली पायघोळ. गळ्याच्या आत एक पांढरी पट्टी शिवलेली होती. जो तो झगा घालेल त्याचं नाव पट्टीवर चढायचं आणि आधीच्या नावावर एक बारीक रेघ यायची, वाचता येईल अशी. चौथं नाव होतं ऑब्री फेनविक. १९५३ साली तो इथे राजा झाला, तेव्हा एनिड कपडेपटात पंधरा वर्षांची शिकाऊ उमेदवार होती. पुढे तो लंडनला गेला, सर ऑब्री झाला. रंगमंचावर आल्यावर पहिला शब्द उच्चारण्याआधी तो जो उभा राहायचा, त्या स्तब्धतेवर जाणकारांनी रकानेच्या रकाने भरले.

पट्टीवर आठवं नाव नुकतंच चढलं होतं, मार्व्हा डेनिस. लीड्सची पोरगी, अंगानं काडी, आणि यंदा राजाचं काम तिच्याकडे. बाईनं राजा व्हायचं म्हणून गावात कुजबुज झालीच. तालमीत ती वाक्यांमागून वाक्यं पळवायची. झगा अंगावर चढला आणि तिचं पाऊल आपोआप संथ पडायला लागलं. एनिडनं तो आठ इंच आत घेऊन छत्तीसवर आणला होता, पण कात्री लावली नव्हती. कपडेपट आधी सांभाळणाऱ्या हिल्डाबाईंची तशी शिस्तच होती, की माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, आत दुमडायची, कारण पुढचा कोणीतरी येणार असतो.

आणि सोमवारी संचालक कॉलिन हातात पत्र नाचवत आला.

"एनिडबाई, लंडनच्या म्युझियमवाल्यांना झगा हवाय. काचेच्या पेटीत ठेवणार. गुरुवारी सर ऑब्री येऊन स्वतःच्या हातानं देणार, फोटो निघणार."

"आणि शनिवारच्या प्रयोगात मार्व्हा काय घालणार? माझी गोधडी?"

"मँचेस्टरहून भाड्यानं मागवू की. आणि हे बघा, त्यांना तो ऑब्रींच्या मापाचा हवाय. छाती चव्वेचाळीस. पट्टीवर नावही त्यांचं एकट्याचं ठेवा."

"बाकीच्या सातजणांनी काय घोडं मारलंय?"

कॉलिन पत्राची घडी करत दाराकडे वळलाही. त्याच्या अंगात धमक कमी आणि घाई फार.

मार्व्हानं ऐकलं आणि नुसती मान हलवली. ते एनिडला जास्त लागलं. पोरगी भांडली असती तर बरं वाटलं असतं. झगा उसवणं तिच्या अगदी जिवावर आलं. तीन दिवस आज-उद्या करत गुरुवार उजाडला. इस्त्री तापलेली, उसवायची पाती हातात, तासाभराचं काम. तेवढ्यात खाली गाडी थांबली आणि तिनं खिडकीतून पाहिलं.

काठी टेकत सर ऑब्री उतरत होते. कोट खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यांवरून लोंबत होता. एनिडच्या डोळ्यांनी आपलं काम केलंच. छत्तीस. फार तर साडेछत्तीस.

तिनं पाती खाली ठेवली.

"एनिड, म्हातारी झालीस की," आत येत ते म्हणाले.

"तुम्ही नाही झालात वाटतं."

"मला वेळच मिळाला नाही."

तिनं झगा त्यांना चढवला, हूक लावले. अंगाबरोबर बसला. ते आरशासमोर ताठ झाले आणि फोटोवाल्याला म्हणाले, "एकेचाळीस वर्षं झाली. बघा, बोटभर फरक नाही." कॉलिन कृतार्थ हसला. एनिड उगाच टाचण्या मोजत राहिली.

मग त्यांचा हात बगलेखालच्या शिवणीवर गेला. बोटांना मखमलीची जाड घडी लागली आणि ते हसायचे थांबले.

"हा कोणाच्या मापाचा आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

आपण भल्या माणसाचा चारचौघांत पाणउतारा केला, असं एनिडला वाटलं. "मार्व्हाच्या. ती दारात उभी आहे. मला वाटलं, तुमच्या लक्षात येणार नाही."

"अगं, उमेदीची बारा वर्षं मी दुसऱ्यांचेच कपडे घातलेत. माया कळते मला."

त्यांनी झगा उतरवला, चष्मा लावला आणि पट्टीवरची नावं एकेक करून मोठ्यानं वाचली. तिसऱ्या नावावर त्यांनी बोट ठेवलं. "विल्फ्रेड टनिक्लिफ. आता कोणाला आठवतो? त्याच्यानंतर मी घातला, तर अंगात नुसता लोंबत होता. थंडीनं दात वाजत होते माझे. हिल्डाबाईंनी दटावलं, झग्यात ऊब येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. जन्मभर मी तेवढंच केलं."

"सर, फोटो..." कॉलिन म्हणाला.

"थांब रे जरा. पोरी, इकडे ये."

त्यांनी झगा मार्व्हाच्या अंगावर घातला.

"गरम आहे," ती म्हणाली.

"आत्ता आहे. शनिवारी गार असेल. मग काय करशील?"

मार्व्हा बोलायला गेली, आणि तिनं ओठ मिटले. ती उभी राहिली. कोणी खोकलंसुद्धा नाही. एनिडनं हे उभं राहणं पंधराव्या वर्षी पडद्याआडून पाहिलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

"म्युझियमला काय कळवू मग?" कॉलिननं शेवटी विचारलं.

"कळव, झगा अजून वापरात आहे. हवं तर माझा कोट न्या म्हणावं. तो खरंच चव्वेचाळीसचा आहे."

एनिडनं इस्त्री बंद केली. पट्टीवर मार्व्हाच्या नावाखाली नखाएवढीच जागा उरली होती. तिनं एक नवी कोरी पट्टी कापली, आधीच्या पट्टीपेक्षा चांगली लांब, आणि तिच्याखाली शिवायला घेतली.